काळी जमीन, जड धातू आणि पिकांची मुळे

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील, बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, पैठणच्या नाथसागर जलाशयातून निघणाऱ्या उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस, कापूस आणि मोसंबी, तर कालव्याचे पाणी न पोहोचणाऱ्या कोरडवाहू पट्ट्यात बाजरी, तूर, सोयाबीन व रब्बी ज्वारी घेतली जाते. गेवराई शहराच्या आणि मोठ्या गावांच्या कडेने मात्र मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर यांचे वाफे असतात व त्यांना विहीर, बोअर किंवा उन्हाळ्यात दुसरा इलाज नसल्यास नाला यांपैकी जे उपलब्ध असेल ते पाणी दिले जाते. या सर्व पिकांची मुळे जमिनीतून ज्या वाटेने जस्त, लोह, स्फुरद उचलतात, त्याच वाटेने कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, क्रोमियम यांसारखे विषारी जड धातूही उचलू शकतात. मुळामध्ये विषासाठी वेगळी वाट नसते आणि विष अडविण्यासाठी वेगळा पहाराही नसतो, म्हणून त्याचा बंदोबस्त मुळाबाहेरच, म्हणजे शेतात काय येते, जमिनीत ते कोणत्या रूपात राहते आणि पीक किती भुकेले आहे, या तीन ठिकाणी करावा लागतो.

‘जड धातू’ ही संज्ञा ढोबळ आहे. घनतेने जड असलेल्या आणि अल्प मात्रेतही सजीवांना बाधणाऱ्या धातूंसाठी ती वापरली जाते. त्यांपैकी जस्त, तांबे आणि अत्यल्प प्रमाणात निकेल यांची पिकांना गरज असते, आणि ते मर्यादेपलीकडे गेले तरच अपाय होतो. कॅडमियम, शिसे आणि पारा यांचा पिकाला कसलाही उपयोग नाही. आर्सेनिक हे काटेकोरपणे पाहता धातुसदृश मूलद्रव्य आहे, परंतु त्याचे वर्तन आणि परिणाम यांमुळे त्याचा विचार याच गटात होतो. कीटकनाशकाचे रेणू ऊन, पाणी व जिवाणू यांच्यामुळे कालांतराने तुटतात. धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे ते तुटत नाही, कुजत नाही आणि जळतही नाही, केवळ रूप बदलते. नांगरटीच्या थरात एकदा मिसळलेले शिसे नातवंडांच्या काळातही त्याच थरात सापडते, ते यामुळेच.

गेवराईची काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. बेसाल्टमध्ये तांबे, निकेल व क्रोमियम हे धातू ग्रॅनाइटपेक्षा मुळातच अधिक असतात, त्यामुळे या जमिनीच्या तपासणीत त्यांचे एकूण प्रमाण थोडे चढे दिसले तरी तेवढ्यावरून जमीन दूषित झाल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते, कारण हे धातू खनिजांच्या स्फटिकांत बांधलेले असतात आणि मुळांच्या हाती लागत नाहीत. येथे ‘एकूण’ आणि ‘उपलब्ध’ या दोन शब्दांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. एकूण म्हणजे तीव्र आम्लात माती विरघळवून मोजलेला सर्व धातू. उपलब्ध म्हणजे मातीच्या ओलाव्यात विरघळलेला किंवा मातीच्या कणांना इतका सैल चिकटलेला भाग, की जो मुळाला उचलता येतो. पिकाच्या दृष्टीने महत्त्व दुसऱ्याला आहे.

उपलब्ध भाग कमी ठेवण्याच्या बाबतीत काळी जमीन निसर्गतःच सोयीची आहे. तिच्यातील स्मेक्टाइट गटातील चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि धन भार असलेले कॅडमियम, शिसे, निकेल हे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, त्यांना चिकटून राहतात. जमिनीचा सामू, म्हणजे आम्लता किंवा विम्लता दाखविणारा आकडा, साधारण ७.८ ते ८.५ असतो व चुनखडीचे खडे मातीत विखुरलेले असतात. अशा विम्ल परिस्थितीत शिसे आणि कॅडमियम कार्बोनेट व फॉस्फेट यांच्या रूपात साक्याप्रमाणे खाली बसतात. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत जेवढे कॅडमियम पिकात उतरेल, तेवढे या चुनखडीयुक्त जमिनीत सहसा उतरत नाही. मात्र हा लाभ सर्व धातूंना लागू नाही, आणि ही गोष्ट अनेकदा सांगायची राहून जाते. आर्सेनिक आणि क्रोमियमचे षट्संयुजी रूप हे पाण्यात ऋण भार घेऊन वावरतात, त्यामुळे ऋण भाराची चिकणमाती त्यांना धरून ठेवत नाही आणि सामू वाढला की ते उलट अधिक मोकळे होतात. ‘आपली जमीन काळी आहे, काही होत नाही’ हा भरवसा म्हणून अर्धाच खरा आहे.

शिवाय मुळाला जी जमीन भेटते ती सर्वत्र सारखी नसते. हरभऱ्याचे रोप वाफशावर अलगद उपटून मातीसह पाहिले, तर जाड मुळांच्या टोकांकडे शेतकरी ज्यांना ‘पांढऱ्या मुळ्या’ म्हणतात त्या दिसतात, आणि त्यांच्यावर नुसत्या डोळ्यांना पुसटसे भासणारे मूलरोम, म्हणजे एकाच पेशीचे बनलेले केसासारखे तंतू असतात. झटकूनही न पडणारी माती याच तंतूंनी धरलेली असते. या एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्याला मूलपरिवेश म्हणतात आणि त्यातील रसायन शेताच्या उरलेल्या मातीहून वेगळे असते. मुळे तेथे हायड्रोजन आयन सोडतात, त्यामुळे त्या पट्ट्याचा सामू बाहेरच्या मातीपेक्षा एक ते दोन अंकांनी खाली जाऊ शकतो; शिवाय सायट्रिक, मॅलिक यांसारखी सेंद्रिय आम्ले झिरपत असतात. हरभऱ्याच्या पानांवर जी आंब येते ती या आम्लांचीच असते, आणि त्याच जातीची आम्ले त्याची मुळे जमिनीत सोडून चुनखडीने अडविलेले स्फुरद मोकळे करून घेतात. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडून लोहाने बांधलेले स्फुरद सोडवितात, हे हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेतील संशोधनातून १९९० मध्ये पुढे आले. ही आम्ले स्फुरदासाठी सोडलेली असली, तरी चुनखडीने बसविलेला धातू त्याच ओघात सुटू शकतो. शेताच्या सामूवर पूर्ण विसंबून राहता येत नाही, ते यासाठी.

सुटलेला धातू पाण्याबरोबर मुळाच्या बाह्य थरात शिरतो, तेव्हा त्याची गाठ प्रथम पेशीभित्तिकेशी पडते. पेशीभित्तिकेतील पेक्टिन या पदार्थावर ऋण भाराची असंख्य स्थाने असतात आणि शिशाचा मोठा भाग तेथेच अडकतो. मुळात शिसे भरपूर आणि दाण्यात नगण्य, असे चित्र तपासणीत वारंवार दिसते त्याचे कारण हेच. पेशींमधल्या फटींतून आणखी आत सरकणाऱ्या पाण्याला पुढे अंतस्त्वचेपाशी थांबावे लागते, कारण तेथील पेशींच्या भिंतींभोवती पाणी न झिरपू देणारी मेणचट पट्टी असते. रॉबर्ट कास्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ती कास्पारी पट्टी म्हणून ओळखली जाते. या पट्टीमुळे धातूला मुळाच्या मध्यवर्ती नळीपर्यंत पोहोचायचे असेल, तर कोणत्या ना कोणत्या जिवंत पेशीच्या पटलातून आत शिरणे भाग पडते. कोवळ्या टोकाशी, जेथे पट्टी अद्याप पुरती तयार झालेली नसते, आणि आंतरमशागतीत किंवा हुमणीच्या उपद्रवाने तुटलेल्या मुळांत, ही अडवणूक कच्ची राहते.

पेशीच्या पटलात विशिष्ट आयनांना आत घेणारी प्रथिने असतात. त्यांना वाहक म्हणतात. प्रत्येक वाहक एखाद्या पोषक द्रव्यासाठी घडलेला असला, तरी त्याची पारख आकार आणि भार यांवर चालते आणि येथेच फसगत होते. लोहासाठी असलेला आयआरटी-१ हा वाहक जस्त व मँगनीजबरोबर कॅडमियमही आत घेतो. भाताच्या मुळातील मँगनीजचा वाहक कॅडमियमची मुख्य वाट ठरतो. आर्सेनेट हे रूप स्फुरदाच्या वाहकातून शिरते, तर पाणी साचलेल्या भातखाचरात तयार होणारे आर्सेनाइट सिलिकॉनच्या वाटेने जाते. क्रोमेट गंधकाच्या वाहकाचा आधार घेते. विषाचा प्रत्येक प्रवेश असा कोणत्या तरी अन्नद्रव्याच्या नावावर होतो.

यातूनच मराठवाड्याच्या शेतीला थेट लागू पडणारी एक गोष्ट निघते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते अविद्राव्य राहते, त्यामुळे सोयाबीन, भुईमूग किंवा मोसंबीची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. असे लोहाला भुकेलेले द्विदल पीक आपल्या मुळांवर लोहाच्या वाहकांची संख्या वाढविते आणि अधिक आम्लही सोडते. जमिनीत कॅडमियम नसेल तर त्याने बिघडत नाही. परंतु ते असेल, तर पिवळे पडलेले पीक निरोगी पिकापेक्षा अधिक कॅडमियम ओढते. जस्ताच्या बाबतीतही तसेच आहे. जस्त आणि कॅडमियम ही आवर्त सारणीत एकाखाली एक बसणारी मूलद्रव्ये असल्यामुळे जमिनीत जस्त कमी पडले की वाहकावरची जागा कॅडमियमला सहज मिळते. मराठवाड्यातील जमिनींत जस्त व लोह यांची कमतरता सर्रास आढळते, आणि ती भरून काढणे हा उत्पन्न वाढविण्याचा उपाय असतोच, त्याबरोबर विष अडविण्याचाही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पेशीत शिरलेल्या धातूला पीक निमूटपणे सहन करीत नाही. ग्लुटाथायोन या गंधकयुक्त पदार्थापासून ते फायटोकेलाटिन नावाच्या साखळ्या तयार करते, त्यांनी कॅडमियम जखडते आणि ते पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या कोठारात, बंद करते. जे बंद होत नाही ते काष्ठनलिकेत सोडले जाते व बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने पाण्याबरोबर पानांकडे जाते. या संरक्षणामुळे होते असे, की माणसाला अपायकारक ठरेल इतके कॅडमियम पानांत साठले तरी रोप हिरवेगार आणि टवटवीत दिसते. रंग, वास, चव यांपैकी कशावरूनही ते ओळखता येत नाही. नाल्याकाठची पालेभाजी नत्रामुळे उलट अधिकच जोमदार येते आणि बाजारात आधी विकली जाते, हे दुर्दैव आहे.

पिकाच्या कोणत्या भागात किती धातू पोहोचतो याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो: पालेभाज्यांत सर्वाधिक, कंदमुळांत त्याखालोखाल, फळभाज्यांत कमी आणि फळांत बहुधा सर्वांत कमी. पाणी जिकडे जास्त उडून जाते तिकडे धातू जास्त जातो. दाणे आणि फळे यांना अन्न मुख्यतः परिकाष्ठातून, म्हणजे पानांत तयार झालेली साखर वाहणाऱ्या नळ्यांतून मिळत असल्याने तेथवर जाताना आणखी एक गाळणी लागते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने पालेभाज्यांसाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम आणि ०.३ मिलिग्रॅम शिसे ही कमाल मर्यादा ठेवली आहे. ही मर्यादा किती तंग आहे, ते हिशेबाने कळते. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम कॅडमियम ही सहनीय मात्रा ठरविली. ६० किलोच्या व्यक्तीला ती दिवसाला सुमारे ५० मायक्रोग्रॅम पडते. मर्यादेच्या काठावरची २०० ग्रॅम भाजी रोज पोटात गेली, तर तीमधूनच ४० मायक्रोग्रॅम येतात, आणि भाकरी, वरण, पाणी यांचा वाटा त्यात धरलेला नाही. तंबाखूचे पान कॅडमियम विशेष साठविते, त्यामुळे तंबाखूचे व्यसन असलेल्यांच्या वाट्याला ते आणखी येते. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि निम्मे बाहेर पडायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो; जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी कामिओका खाणीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन हाडे ठिसूळ होण्याचा जो ‘इताई-इताई’ आजार पसरला आणि १९६८ मध्ये तेथील सरकारने प्रदूषणजन्य म्हणून मान्य केला, तो याच धातूचा होता.

गेवराई परिसरात धातू शेतात येण्याच्या वाटा ओळखून ठेवल्या, तर पुढचे बरेचसे काम सोपे होते. पहिली वाट पाण्याची. नाथसागराच्या वरच्या बाजूला नाशिकपासूनची वस्ती आणि कारखानदारी आहे, आणि छत्रपती संभाजीनगर शहरातून वाळूजच्या बाजूने येणारी खाम नदी नाथसागराला मिळते; तथापि विस्तीर्ण जलाशयात पाणी संथ झाले की धातूंचा बराच भाग गाळाबरोबर तळाशी बसतो, त्यामुळे कालव्याचे पाणी शहरी नाल्याच्या पाण्यापेक्षा सर्वसाधारणपणे पुष्कळ बरे असते. काळजी करावी ती जवळच्या लहान स्रोतांची: बाजारपेठेतील गॅरेज, बॅटरी दुरुस्तीची दुकाने, वेल्डिंग व रंगकाम यांचे पाणी ज्या नाल्यात उतरते, त्यावर इंजिन लावून भिजविलेले वाफे. मुंबईत रेल्वेमार्गांलगतच्या पट्ट्यांत नाल्याच्या पाण्यावर वाढविलेल्या पालेभाज्यांवरून हाच प्रश्न अनेक वर्षे चर्चेत राहिला. सिंचनाच्या पाण्यासाठी अन्न आणि कृषी संघटनेने १९८५ मध्ये सुचविलेल्या मर्यादा कॅडमियमला लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, आर्सेनिक व क्रोमियमला प्रत्येकी ०.१, निकेलला ०.२ आणि शिशाला तब्बल ५ मिलिग्रॅम अशा आहेत. शिशाचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. मुळे व माती शिसे अडवितात म्हणून तो मोठा आहे. तुषार सिंचनाने तेच पाणी पानांवर पडले, तर मातीची आणि मुळाची ही दोन्ही अडवणूक टळते.

दुसरी वाट राखेची आहे, आणि ती बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या परळीच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे जिल्ह्याला परिचित आहे. दगडी कोळसा जळतो तेव्हा त्यातील सेंद्रिय भाग निघून जातो आणि आर्सेनिक, क्रोमियम, निकेल, शिसे यांसारखी मूलद्रव्ये राखेत एकवटतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असल्यामुळे राखही प्रचंड निघते. विटा, सिमेंट आणि रस्त्याचा भराव यांसाठी ती उपयुक्त आहे. भारी जमीन हलकी करण्यासाठी ती वावरात टाकण्याची शिफारसही कधीकधी ऐकू येते. परंतु राख स्वतः विम्ल असेल आणि जमीनही विम्ल असेल, तर आर्सेनिकला मोकळीक मिळते, त्यात भर म्हणून बोरॉन वाढून पिकाला इजा होते. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः भाजीपाल्याच्या वाफ्यात, तपासणी केल्यावाचून राख टाकू नये, आणि राखेच्या वाहतुकीच्या रस्त्यालगतच्या पालेभाज्या चांगल्या धुतल्यावाचून वापरू नयेत, असे स्पष्टपणे सांगायला हवे.

तिसरी वाट खतांची. स्फुरदाच्या खतांसाठी लागणारा खडक बहुतांशी समुद्री गाळापासून बनलेला असतो आणि त्यात मूळचेच कॅडमियम असते; भारत असा खडक मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त, टोगो अशा देशांतून आयात करतो. युरोपीय संघाने २०२२ पासून एक किलो स्फुरदामागे ६० मिलिग्रॅम कॅडमियम ही मर्यादा लागू केली. या मर्यादेइतके कॅडमियम असलेल्या खतातून आडसाली उसाला शिफारशीप्रमाणे हेक्टरी १७० किलो स्फुरद दिले, तर शेतात सुमारे १० ग्रॅम कॅडमियम येईल. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या २० सेंटिमीटर थराचे वजन साधारण २६ लाख किलो धरले, तर किलोमागे ही वाढ ०.००४ मिलिग्रॅमची, म्हणजे एका हंगामाला नगण्य आहे. घाबरून खत बंद करण्याचे त्यामुळे काहीच कारण नाही. मात्र माती परीक्षणात स्फुरद ‘जास्त’ आले असतानाही दरसाल डीएपीच्या गोण्या त्याच वावरात टाकण्याची सवय पैसे वाया घालविते, जस्त अडविते आणि कॅडमियमचा साठा वाढविते. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या खतांत धोका वेगळा आहे: झिंक सल्फेट हे धातू उद्योगातील अवशेषांपासूनही बनविता येते, म्हणून खत नियंत्रण आदेशाने त्यातील शिशाला ०.००३ टक्के अशी मर्यादा घातली आहे. बिल न देणाऱ्या विक्रेत्याकडून, लेबलाविना स्वस्तात मिळणारे जस्त घेऊ नये.

सेंद्रिय खत आणि गाळ यांचा विचार बारकाईने करावा लागतो, कारण दोन्ही जमिनीसाठी मोलाचे आहेत. गोठ्यातील शेणखताने धोका जवळजवळ नसतो. नगरपालिकेच्या कचऱ्यापासून बनविलेल्या कंपोस्टमध्ये मात्र सेल, रंगाचे डबे, रंगीत प्लास्टिक यांचे अंश मिसळू शकतात. खत नियंत्रण आदेशानुसार अशा कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५, शिसे १००, आर्सेनिक १०, क्रोमियम व निकेल प्रत्येकी ५० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, त्यामुळे खरेदी करताना तपासणी अहवाल मागावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून तलावांचा गाळ मुरमाड जमिनीवर पसरण्याचे काम बीड जिल्ह्यातही मोठ्या प्रमाणावर होत आले आहे. रानातल्या पाझर तलावाचा गाळ निर्धास्तपणे वापरावा. ज्या तलावात किंवा विहिरीत गावाचे सांडपाणी उतरते, अथवा रासायनिक रंगाच्या मूर्तींचे वर्षानुवर्षे विसर्जन होत आले आहे, तेथील गाळ ट्रॅक्टर भरण्याआधी तपासावा. एकदा वावरात पसरलेला गाळ पुन्हा गोळा करता येत नाही.

रस्त्याची वाट आता पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, परंतु त्याआधी रस्त्याकडेला साचलेले शिसे वरच्या थरात टिकून असते. गेवराईवरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गासारख्या जुन्या वाहत्या रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या काही मीटरच्या पट्ट्यात पालेभाजी किंवा चारा न घेता अन्य पीक किंवा झाडांची रांग घ्यावी. पानांवर बसलेली शिशाची धूळ धुतल्याने बरीचशी जाते; मुळावाटे आत गेलेले कॅडमियम कितीही धुतले तरी जात नाही.

जेथे धातूचा संशय आहे किंवा तपासणीत तो आढळला आहे, तेथे पहिला उपाय म्हणजे पिकाची भूक भागविणे. जस्त कमी असल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे, मात्र स्फुरदाच्या खतात एकत्र कालवू नये. लोहाच्या कमतरतेत ०.५ टक्के फेरस सल्फेटची फवारणी करावी, कारण पानांवाटे लोह मिळाले की मुळांवरील लोहाच्या वाहकांची धडपड कमी होते. चांगले कुजलेले शेणखत कॅडमियम, तांबे, शिसे यांना धरून ठेवते आणि क्रोमियमच्या विषारी षट्संयुजी रूपाचे कमी घातक त्रिसंयुजी रूपात रूपांतर व्हायला मदत करते. अर्धवट कुजलेल्या खतातून मात्र धातूंना विरघळवून नेणारी आम्ले सुटतात, म्हणून उकिरड्यावरचे कच्चे खत अशा वावरात टाकू नये. खारवट पाण्यातील क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवून त्याला मातीच्या कणांपासून सोडविते, त्यामुळे उन्हाळ्यात क्षार वाढलेल्या बोअरचे पाणी पालेभाजीला न देता जमल्यास कापसासारख्या पिकाला द्यावे, आणि पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश निवडावे. ईडीटीएयुक्त चिलेटेड खते संशयित वावरात जमिनीतून देऊ नयेत, कारण ईडीटीए शिशालाही तितक्याच घट्टपणे धरून मुळापर्यंत नेते. फवारणीतील अल्प मात्रेला ही हरकत नाही. आर्सेनिकचा प्रश्न असेल तर स्फुरदाचा अवाजवी मारा टाळावा, कारण मातीच्या कणांवरून स्फुरद आर्सेनिकला बाजूला सारते.

पिकाची निवड हा दुसरा उपाय. दूषित ठरलेल्या वावरात पालेभाज्या, मुळा, गाजर, बीट घेऊ नयेत. ज्वारी, बाजरी, फळझाडे तुलनेने बरी. कापसाचा धागा खाल्ला जात नसल्याने असे वावर कापसाखाली ठेवण्याचा सल्ला योग्य आहे, पण तो सांगताना सरकीचा विसर पडू नये: सरकीची पेंड गोठ्यात जाते आणि पऱ्हाट्या चुलीत जळून त्यांची राख पुन्हा वाफ्यात येते. अशा वावरातील पऱ्हाट्यांची राख भाजीला घालू नये.

मोहरी, सूर्यफूल यांसारखी पिके लावून जमीन ‘स्वच्छ’ करण्याच्या पद्धतीची बरीच वाखाणणी होते आणि तिचे शास्त्र खरे आहे. टेरिस व्हिटाटा नावाचे नेचे आर्सेनिक भरभरून साठविते, हे २००१ मध्ये सिद्ध झाले आहे. शेतकऱ्याने मात्र वर्षांचा हिशेब मांडावा. समजा, वरच्या थरातील कॅडमियम किलोमागे २ मिलिग्रॅमने कमी करायचे आहे. हेक्टरमागे ते ५ किलोहून अधिक होते. मोहरीचे ५ टन कोरडे पीक आले आणि त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमियम साठले असे धरले, तरी वर्षाला ५० ग्रॅमच बाहेर पडतात, म्हणजे काम शंभर वर्षांचे. शिवाय ते पीक सुरक्षितपणे कोठे टाकायचे हा प्रश्न उरतोच. नाल्याच्या काठाने वाळ्याच्या रांगा लावून गाळ अडविणे व्यवहारात याहून अधिक उपयोगाचे आहे.

तपासणीबाबत एक गैरसमज दूर व्हायला हवा. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन असे बारा घटक असतात. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक त्यांत नसतात. पत्रिकेतील सर्व रकाने ‘योग्य’ असले तरी त्यावरून जड धातूंविषयी काहीही कळत नाही. त्यासाठी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वेगळी तपासणी सांगावी लागते. कोणत्या प्रयोगशाळेत पाठवावे, याची विचारणा तालुक्यातच खामगाव येथे असलेल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या मृदशास्त्र विभागात करावी. अर्जावर धातूंची नावे लिहून, एकूण प्रमाण आणि डीटीपीए द्रावणाने काढलेले उपलब्ध प्रमाण असे दोन्ही आकडे मागावेत. आर्सेनिक व क्रोमियम यांसाठी डीटीपीएचा आकडा उपयोगाचा नाही, म्हणून त्यांचे उपलब्ध प्रमाण कसे काढायचे, हेही तेथे विचारून घ्यावे.

नमुना घेताना जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा गंजलेले खुरपे वापरू नये. लाकडी अथवा प्लास्टिकचे साधन आणि स्वच्छ प्लास्टिकचे घमेले चालते. पृष्ठभागावरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या बाजूची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यावी, आणि अशा आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, चार भाग करीत समोरासमोरचे दोन टाकून देत, शेवटी अर्धा किलो ठेवावी. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्यांच्यात वरची माती खोलवर गेलेली असते, म्हणून भेगेच्या तोंडाशी नमुना घेऊ नये. नाल्याचे पाणी वावरात जेथून शिरते तो कोपरा, रस्त्याकडचा पट्टा आणि वावराचा मध्य यांची माती एकमेकींत न मिसळता तीन वेगळ्या पिशव्यांत द्यावी. तिन्हींचे आकडे शेजारी ठेवले की धातू पाण्याने आला, रस्त्याने आला की तो खडकाचाच आहे, याचा अंदाज येतो. पाण्याचा नमुना उन्हाळ्याच्या अखेरीस, प्रवाह सर्वांत कमी असताना घ्यावा. आणि वाफ्यात पालेभाजी उभी असेल, तर मातीबरोबर तिची खाण्याजोगी पाने धुऊन, वाळवून त्याच प्रयोगशाळेत द्यावीत. कोडेक्सची मर्यादा ताज्या भाजीच्या वजनावर असल्याने अहवालातील आकडा कोरड्या वजनावर आहे की ताज्या, हे विचारल्याशिवाय तो मर्यादेशी ताडू नये. पालेभाजीत दहांत नऊ भाग पाणीच असते, त्यामुळे दोन आकड्यांत दहापटीचा फरक पडतो.